आंघोळ नंतर, हिशोब आधी

(मागच्या अंकात मराठवाड्यातल्या ट्रकचालकांनी आपापल्या ट्रान्सपोर्ट मॅनेजरच्या आठवणी सांगितल्या होत्या. लातूरच्या एका निवृत्त चालकानं त्यात लिहिलं होतं, ‘मला शिव्या देणारा मॅनेजर चांगला निघाला आणि राजा म्हणणारा वाईट.’ सगळ्यात जास्त पत्रं या एका वाक्यावर आली. १९७९ साली क्लिनर म्हणून गाडीवर चढलेल्या आणि १९८४ ते २०१४ अशी तीस वर्षं जड वाहन चालवलेल्या या वाचकालाच आम्ही उत्तरं द्यायची विनंती केली. त्यांच्या सांगण्यावरून कुणाचंच नाव छापलेलं नाही.)

प्रश्न : शिव्या देणारा माणूस चांगला कसा काय? आम्ही तर वर्गात मुलांना नेमकं उलटं शिकवतो.
– एक शिक्षक, अंबाजोगाई

गुरुजी, तुम्ही शिकवता ते बरोबरच आहे, चालू ठेवा. पण तुमचा पगार चार दिवस मागंपुढं का होईना, बँकेत पडतो. आमचा पगार चिटोऱ्यांत असायचा.

म्हणजे कसं, ते सांगतो. गाडी निघताना मॅनेजर हातात ॲडव्हान्स ठेवणार. त्यातून डिझेल, जकात, टोल, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), पंक्चर, स्वतःची आणि क्लिनरची खुराकी. परत आल्यावर चिठ्ठ्या टेबलावर ठेवायच्या आणि हिशोब करायचा. तो होईपर्यंत ड्रायव्हरला आपण कमावलं की आपल्याच अंगावर निघालं, हे कळत नाही. बायकोला पैसे द्यायचे तर कशाच्या जोरावर द्यायचे? म्हणून आमच्या धंद्यात मॅनेजर कसा बोलतो याला किंमत नाही. तो हिशोबाला कधी बसतो, ते बघायचं.

माझे पहिले मॅनेजर, त्यांना सगळे नाना म्हणायचे. लातूरला गूळ मार्केटच्या मागं पत्र्याचं ऑफिस. चष्म्याला दोरा, समोर लाल कापडाची वही, आणि चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून त्यावर चुन्याची डबी. गाडी फाटकातून आत आली की आतूनच सुरू व्हायचे. “आलास का मुडद्या? दोन दिवसांचा रस्ता, चार दिवस लावलास. कुठं मेला होतास?” अंगाला ऑइलचा वास, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालेलं. मी म्हणायचो, नाना, आंघोळ करून येतो. त्यावर ठरलेलं उत्तर, “आंघोळ नंतर, हिशोब आधी. बस.”

पहिलं वर्षभर मला या माणसाचा लई राग यायचा. मग ध्यानात आलं. आंघोळ केली की माणूस जेवतो, जेवला की झोपतो, आणि उठेपर्यंत पँट धुवायला गेलेली असते. चिठ्ठ्यांचा लगदा. टेंभुर्णीला कुणाला काय दिलं ते आठवत नाही. जातंय कुणाचं? ड्रायव्हरचंच.

एक गोष्ट सांगतो. साल १९८८. मी मुंबईहून आलो होतो, मागं इंदापूरजवळ मागचा टायर बसला, रात्रीच्या वेळी एका पोरानं पंक्चर काढलं. त्याच्याकडं कुठली पावती? मी तोंडी सांगितलं, पंक्चरचे बारा रुपये. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. काही बोलले नाहीत. ड्रॉवरमधून बॅटरी काढली, चप्पल घातली आणि बाहेर गेले. पाऊस भुरभुरत होता. मला टायर उतरवायला लावला, ट्यूब बाहेर काढायला लावली आणि ताज्या ठिगळावरून अंगठा फिरवला. दोनदा फिरवला. आत आले, हात धोतराला पुसले आणि वहीत लिहिलं : पंक्चर १२. मग म्हणाले, “चोर नाहीस. आता टायर परत चढव आणि मग आंघोळ कर.”

तेव्हा मला वाटलं होतं की या म्हाताऱ्यानं माझी इज्जत काढली. अर्धा तास पावसात टायरशी झटलोय मी, बारा रुपयांसाठी. पण पुढं जे मॅनेजर भेटले त्यांच्याही मनात संशय असायचाच. ते बॅटरी घेऊन बाहेर यायचे नाहीत एवढंच. हसून ‘असू दे असू दे’ म्हणायचे आणि महिन्याच्या शेवटी पन्नास रुपये गुपचूप कमी. विचारलं तर, ‘मागं ते पंक्चरचं नव्हतं का काहीतरी?’

आता राजा म्हणणारे. १९९९ ला आमच्या मालकानं गाड्या विकल्या, नाना घरी बसले, मी पुढं जालन्याला गेलो. तिथले मॅनेजर इस्त्रीच्या कपड्यांतले, खांद्यावर हात टाकून बोलणारे. गेलं की फुल दुधाचा चहा. लेकराबाळांची नावानिशी चौकशी. “राजा, तूच आहेस म्हणून हक्कानं सांगतो, एवढी खेप मार.” आणि हिशोब? “पुढच्या खेपेला एकदम करू की, कुठं पळून चाललोय का आपण!” अशा सहा खेपा तुंबल्या. २००४ च्या दिवाळीला त्यांनी मला सोनपापडीचा डबा दिला आणि वर पाचशे रुपये उचल. सहा खेपांचा हिशोब पाडव्यानंतर झाला. निम्म्या चिठ्ठ्यांवरची शाई उडालेली, निम्म्या ‘ह्या तू दिल्याच नव्हत्या राजा’. ४,३०० रुपये माझ्याच नावावर निघाले. सोनपापडी पोरांनी एका दिवसात संपवली.

नाना देव नव्हते, हेही लिहून टाकतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला त्यांनी मला सुट्टी दिली नाही. साखरेची पोती भरून गाडी उभी होती, दुसरा ड्रायव्हर तापानं पडलेला. मी मांडवात पोचलो तेव्हा पत्रावळी उचलायला सुरुवात झाली होती. ते मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि त्यांनीही कधी माफी मागितली नाही.

प्रश्न : मी स्वतः बावीस वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये मॅनेजर होतो. तुमच्या सगळ्यांच्या आठवणी वाचल्या. ड्रायव्हर डिझेल विकतात हे एकाही बहाद्दरानं लिहिलं नाही. तुम्ही कधी विकलं नाही का?
– एक निवृत्त मॅनेजर, जालना

विकलं.

साहेब, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. १९९१ साल, ढाब्यावर एक माणूस पाईप आणि कॅन घेऊनच बसलेला असायचा. वीस लिटर दिले की रोख पैसे. मी चार वेळा दिलं. घरी वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो. होतंही ते, पण पहिल्या दोन वेळेसच.

आमची टाटा १२१० भरलेली असली की लिटरला चार किलोमीटरच्या आसपास द्यायची. नाना दर खेपेला किलोमीटर आणि डिझेल समोरासमोर मांडायचे. चौथ्या वेळेला त्यांनी बेरीज केली, पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, “टाकीला भोक पडलंय का तुला पडलंय?” मी खाली बघत बसलो. त्यांनी वहीत लिहिलं ते मला उलटं दिसत होतं : डिझेल तूट, ड्रायव्हरच्या नावे. आठ हप्त्यांत कापलं. मालकाला कळलं असतं तर मी त्याच दिवशी रस्त्यावर आलो असतो. मालकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण साहेब, आता मी एक विचारतो. तूट ड्रायव्हरच्या नावे लिहिणारी वही तुमच्याकडंही होती. घाटात ट्रॅफिक जाम झाला, गाडी रात्रभर चालू-बंद करत पुढं सरकली, त्या डिझेलसाठी तुमच्या वहीत रकाना होता का? नानांच्या वहीत होता. त्याचं नाव ‘खोळंबा’.

प्रश्न : मामा, मी तीन वर्षांपासून दहा टायरी चालवतोय, सळईचा माल. मॅनेजर पासिंगपेक्षा, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या मालापेक्षा, जास्त भरायला लावतात. नाही म्हणावं तर गाडी दुसऱ्याला देतात. दंड झाला तर कुणी भरायचा?
– एक चालक, अंबड तालुका

पोरा, हा प्रश्न मीही जालन्यातच विचारायला पाहिजे होता. विचारला नाही, म्हणून माझी गोष्ट आधी ऐक.

२००३. दहा टायरी गाडीचं तेव्हा एकूण वजन २५ टन मान्य होतं. गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की साधारण सोळा टनांचं पासिंग. आमच्यात भरली एकवीस. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, सोळा. वजनकाट्यावरची खरी चिठ्ठी राजा म्हणणाऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये, कारण पार्टीकडून, म्हणजे मालवाल्याकडून, भाडं एकवीसचंच घ्यायचं होतं. मला म्हणाले, “राजा, रात्रीचं निघ, सगळं बघितलेलं आहे.”

अंबड, वडीगोद्री, शहागडचा गोदावरीचा पूल, गेवराई, बीड. मांजरसुंब्याचा चढ गाडी पहिल्या-दुसऱ्यात रडत चढली. चढ परवडला, माणूस चढाला मरत नाही. येडशी, धाराशिव, तुळजापूर झालं आणि सोलापूरच्या बाजूचा घाट उतरायला लागलो. भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची, हे मला क्लिनर असल्यापासून ठाऊक. तरी मधेच एक एसटी आडवी आली आणि ब्रेक दाबावा लागला. ब्रेकचा लायनर जळाल्याचा वास केबिनमध्ये भरला. आणि पाठीमागं आवाज झाला. मोठा नाही. घरात कुणीतरी पितळी पातेलं सरकवावं तसा.

घाट उतरून गाडी बाजूला घेतली आणि मागं जाऊन बघितलं. सळईचा आख्खा भारा पुढं सरकून डाल्याची, म्हणजे माल भरायच्या हौद्याची, पुढची फळी फोडून बाहेर आला होता. टोकं केबिनच्या पाठीमागच्या पत्र्याला टेकायची बाकी. मी मधल्या जागेत हात घालून बघितला. एक वीत. त्या पत्र्याच्या पलीकडं बरोबर माझी पाठ.

तामलवाडीला एसटीडी बूथवरून फोन लावला. “राजा, सोलापूर तर समोर दिसतंय, आता काय राहिलंय! हळूहळू काढ.” काढली. नाक्यावर काटा झाला, दंड झाला. त्या काळी २,००० रुपये आणि वरच्या दर टनाला १,००० असा हिशोब असायचा. तो माझ्या नावे पडला. का? बिल्टीवर सोळा टन होते ना! जास्तीचे पाच टन जणू मी वाटेत झाडावरून तोडून भरले होते.

आता तुझ्या उत्तरावर येतो. जुलै २०१८ मध्ये दहा टायरीचं एकूण वजन २५ वरून साडेअठ्ठावीस टन झालं. पण १ सप्टेंबर २०१९ पासून जास्तीच्या मालाचा दंडही २०,००० रुपये आणि वर दर टनाला २,००० झाला, आणि जास्तीचा माल तिथंच उतरवून घ्यायचा, तो खर्च वेगळा. कायद्याची भाषा अशी आहे की असं वाहन जो चालवतो तो, आणि जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो तोही. म्हणजे मॅनेजर आणि मालक दोघंही त्यात बसतात. तू एकटा नाहीस.

करायचं काय? भांडू नको, गाडी दुसऱ्याला देतील हे तू बरोबर लिहिलंस. काट्यावर गेलास की चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढ. मग तो फोटो मॅनेजरला व्हॉट्सॲपवर पाठवून खाली फक्त एवढं लिही : एवढे टन भरले, निघू का? त्यांचं ‘हो निघ’ लेखी आलं पाहिजे. बहुतेक वेळा फोन येईल, लेखी येणार नाही. फोन आला तरी परत मेसेज टाक : फोनवर निघ म्हणालात म्हणून निघतोय. माझ्या वेळी ड्रॉवरची किल्ली त्यांच्याकडं होती; तुझा ड्रॉवर तुझ्या खिशात आहे. आणि सळई असली तर पुढच्या फळीला टेकवून भरू देऊ नको, साखळीनं आवळल्याशिवाय निघू नको. त्यात मॅनेजरला विचारण्यासारखं काही नाही.

प्रश्न : आमचे मालक चार दिवसांनी घरी येतात. ताट वाढेपर्यंत मॅनेजरचा फोन येतो, गाडी भरायला लागलीय, निघ. याला काही कायदा नाही का?
– एक गृहिणी, गेवराई

ताई, कायदा होता, आणि चांगला होता. मोटार वाहतूक कामगारांसाठीचा १९६१ चा. माझ्या अख्ख्या नोकरीत तो लागू होता. पाच किंवा जास्त कामगार असले की लागू. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, आठवड्याला एक सुट्टी. हे सगळं मला सेवेच्या अठराव्या वर्षी एका युनियनच्या भिंतीवर वाचायला मिळालं. वाचून मी आणि क्लिनर इतके हसलो की चहा सांडला.

तुमचा प्रश्न ताटाचा आहे. आमच्या घरी आमच्या मंडळींनी तोडगा काढला होता. गाडी गावात आली की फोन त्या उचलायच्या. मॅनेजर बाईमाणसाला शिवी देऊ शकत नाही, आणि राजा तर म्हणूच शकत नाही. “झोपलेत, उठले की सांगते,” एवढंच बोलायचं आणि फोन ठेवायचा. मी समोर जेवत असायचो. दोन तास तरी मिळायचे. करून बघा.

प्रश्न : तुमच्या मागच्या पत्रात ‘नानांनी किल्लारीला ताडपत्र्या दिल्या’ असं एक ओळीत लिहिलं होतं. माझं आजोळ त्याच भागातलं. जास्त सांगाल का?
– एक विद्यार्थिनी, उमरगा

बाळ, सांगतो. जेवढं माझं आहे तेवढंच.

१९९३ ची अनंत चतुर्दशी. मी हैदराबादेहून पाईप भरून येत होतो. उमरग्यावरून किल्लारीत आलो तेव्हा मध्यरात्र झाली असेल. विसर्जन उरकलेलं, रस्त्यावर गुलाल, कट्ट्यावर पाच-सहा पोरं अजून बसलेली. त्यातल्या एकानं हात केला, ‘मामा, लातूरला सोडता का?’ दुसऱ्यानं त्याला मागं ओढलं, ‘सकाळी जा की.’ मी निघून गेलो. लातूरला ऑफिससमोर गाडी लावून टपावर झोपलो. ३० सप्टेंबर, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. भूकंपाची ही वेळ आता सगळ्यांना पाठ आहे. मला वाटलं कुणीतरी गाडी मागं घेताना माझ्या गाडीला धडकवली. उठून शिवी दिली, तर समोर कुणीच नाही.

उजाडल्यावर बातमी यायला लागली. नाना बनियनवरच आले. मालक मुंबईला, फोन लागत नव्हते. नानांनी कुणालाच विचारलं नाही. “पाईप खाली टाका. सगळ्या गाड्यांच्या ताडपत्र्या आणि दोर सोडा.” नऊ ताडपत्र्या निघाल्या. ड्रमात पाणी भरलं. निघताना मला म्हणाले, “हॉर्न वाजवू नको तिकडं.”

तिथं काय बघितलं ते मी लिहिणार नाही. तुझ्या आजोळच्या माणसांनी तुला सांगितलं असेल, नसेल सांगितलं तर त्यालाही कारण असेल. पुढं पाऊसही लागला. एका म्हाताऱ्याला मी ताडपत्री दिली, त्यानं एक कोपरा हातात धरला आणि मला विचारलं, “परत कधी द्यायची?” सगळं घर मातीत गेलेलं आणि हा माणूस परत कधी द्यायची विचारतोय. मला काही सुचेना. मी म्हणालो, “वहीत लिहिलंय, नाना बघतील.”

नानांनी खरंच लिहिलं होतं. ताडपत्री ९, किल्लारी. पुढच्या रकान्यात ‘परत’ असं छापलेलं, तो कोरा. मालकानं ती रक्कम नानांच्या पगारातून वळती केली असं मुनीम सांगायचा. नानांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्या कट्ट्यावरच्या पोरांचं काय झालं तेही मला कधी कळलं नाही. मी विचारलं नाही, हे खरं.

प्रश्न : मी एकोणतीस वर्षांचा आहे, वाळूजला ट्रान्सपोर्टमध्ये मॅनेजर आहे. सगळ्या गाड्यांना जीपीएस आहे. तरी ड्रायव्हर फोन बंद ठेवतात. वरून पार्टीचा तगादा, ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या ऑनलाइन जीएसटी कागदाची, मुदत. मी वाईट माणूस नाही. काय करू?
– एक मॅनेजर, वाळूज

तुम्ही वाईट नसालच. वाईट माणूस असा प्रश्न टपालानं पाठवत नाही. तुम्हाला मी ड्रायव्हर म्हणून उत्तर देत नाही, मॅनेजर म्हणून देतो. दचकू नका. २०१४ ला माझी नजर कमी झाली, लायसन नूतनीकरणाला डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा लातूरच्या एका ट्रान्सपोर्टनं मला खुर्ची दिली. चौदा महिने मी मॅनेजर होतो.

मला वाटायचं, तीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस खुर्चीत बसला तर ड्रायव्हरांचं सोनं होईल. दुसऱ्याच महिन्यात निलंग्याकडचा एक ड्रायव्हर समोर उभा राहिला. लेकीला ताप होता, एक दिवस थांबतो म्हणाला. डाळीची पोती भरलेली, वाशीच्या दाणा बाजारात गुरुवारी पोचवायची, पार्टीचे सकाळपासून पाच फोन. मी उठलो, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माझ्या तोंडून निघालं, “राजा, एवढी खेप मार.”

ऐकलं मी ते. माझ्याच कानांनी. पण शब्द मागं घेतला नाही, कारण टेबलावरचा फोन परत वाजायला लागला होता.

पोरगा गेला. गाडी गुरुवारी पोचली. लेकीचा ताप दवाखान्यात नेल्यावर उतरला. वाईट काहीच झालं नाही. पण परत आल्यावर त्यानं चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि हिशोब होईपर्यंत उभाच राहिला. स्टूल ओढून दिलं तरी बसला नाही. त्या दिवसानंतर तो माझ्यासमोर कधी बसला नाही. पुढच्या पाडव्याला मी खुर्ची सोडली.

आता तुमच्या कामाचं. फोन ड्रायव्हर बंद का ठेवतो? कारण तुम्ही गाडी पळताना फोन करता. ‘कुठं आलास?’ अहो, कुठं आला ते तुमच्या पडद्यावर दिसायलंय की! आमच्या वेळी नानांना माहीत नसायचं, तरी ते रात्री फोनची वाट बघत बसायचे, आम्ही बूथ बघून थांबायचो. तुमच्याकडं पडदा आहे तर तो वाचा. ठिपका हलत असेल तर फोन करू नका. थांबला की करा, आणि पहिलं वाक्य कामाचं बोला. आठ दिवसांत फोन चालू राहायला लागतात का बघा.

ई-वे बिलाचं मला भाच्यानं समजावून सांगितलं. दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि मुदत संपायच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवता येते. ऑफिसात बसून, कॉम्प्युटरवर. मग रात्री दोनला ढाब्यावर झोपलेल्या ड्रायव्हरला ‘झोपायलास का?’ म्हणून उठवायची काय गरज? त्यानं झोपेतून उठून कॉम्प्युटर उघडायचाय का?

आणि एक. तो ठिपका ड्रायव्हरवर पाळत ठेवायलाच असतो असं काही नाही. वाशीला गाडी दोन-दोन दिवस उतरायची थांबते. पार्टी म्हणते, आमच्याकडं आलीच नव्हती. आमच्या वेळी ड्रायव्हरचा शब्द आणि गोडाऊनच्या मुकादमाचा शब्द, आणि मुकादमाचा शब्द कायम जड. आता तुमच्याकडं गाडी फाटकात कधी आली आणि कधी हलली याचा मिनिटानिशी पुरावा आहे. तो छापून काढा, पार्टीकडून खोळंब्याचे पैसे घ्या आणि त्यातला ड्रायव्हरचा भत्ता ड्रायव्हर परत आल्या दिवशीच द्या. तुमच्या वाळूजच्या कितीजणांनी असं केलंय ते मला कळवा, मी येऊन चहा पितो.

शिव्या द्यायची सवय नसेल तर लावून घेऊ नका. नानांना शोभायच्या.

प्रश्न : त्या राजा म्हणणाऱ्या मॅनेजरचं नाव सांगाच. आम्ही बहुतेक ओळखलंय.
– तीन वाचक, एकाच पोस्टकार्डावर, जालना

ओळखलं असेल तर तुमच्यापाशीच ठेवा. त्यांच्या पोराचं जालन्यात टायरचं दुकान आहे. माझ्या धाकट्याची स्वतःची पिकअप आहे, तो जालना-लातूर मारतो आणि टायर तिथूनच घेतो. उधारीवर. ते सारखे फोन करतात, तो म्हणतो, पुढच्या खेपेला एकदम करू.